जयदेवच्या घरचं न लागणारं दार

पावसामुळे लाइट गेली होती. भावेशकाकांभोवती पोरं दाटीवाटीने बसली.

"भूतबीत मला ठाऊक नाही," काका म्हणाले. "कोपरखैरण्याच्या आपल्या जयदेवच्या घरी झालं ते सांगतो. गेल्या नागपंचमीची रात्र."

जयदेवचे वडील त्याच आठवड्यात वारले होते. ज्या खोलीत ते गेले, तिथे दहाव्यापर्यंत दिवा तेवत ठेवायचा होता. पण हॉलमध्ये पाहुणे झोपलेले, पंखा बंद करू देईनात, आणि त्याचा वारा थेट दिव्यावर. खोलीचं दार लावावं तर पावसाने लाकूड फुगलेलं. चौकटीला चार बोटं उरली की अडायचं.

जयदेवची आई, शांतीकाकू, ज्योतीला हाताचा आडोसा धरून बसली होती. "दिवा इझला त तुजा बापूस काळोखान कसा जाईल रं?"

जयदेवने चौकटीला खडू फासला, दार दाबलं. दाराला जिथे खडू लागला तिथे रंधा मारला. पुन्हा लावलं. अडलं. खालची बाजू तासली. अडलं. तळहाताला फोड आले.

"दाजी, झोपू द्या की!" हॉलमधून मेहुणा ओरडला. "का दारच किसून संपवताय?"

जयदेव दात-ओठ खात तासत राहिला. शेवटी दाराला खडू कुठेच लागेना. लाकूड चौकटीला शिवतच नव्हतं.

तरी दार अडत होतं.

त्याने आईला बाहेर बोलावलं. खोली रिकामी झाली. त्याने खांदा लावून रेटलं. दार तसूभर गेलं... आणि हळूच मागे आलं. आतून कुणी रेटावं तसं.

त्याचा संताप उसळला. "बाबा! जन्मभर माझ्या प्रत्येक कामात खोट काढलीत. आता तरी लावू द्या!"



त्याने हात काढला.

दार आपोआप फिरलं. सावकाश. आवाज न करता... लागलं.

"आई... तू ढकललंस?"

काकू त्याच्या मागे उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली.

जयदेवने दार बाहेर ओढून पाहिलं. हलेना. दोन्ही हातांनी हिसका दिला. हलेना.

बॅटरी घेऊन तो पावसात घरामागे गेला. बंद खिडकीच्या काचेतून आत डोकावला.

दिवा संथ तेवत होता. खोलीत कुणी नव्हतं.

दाराला आतून कडी घातलेली होती.