निळ्या बुचाची नळी

"बाही वर करा," समता म्हणाली, आणि कॉलेजच्या जंतूंच्या प्रयोगशाळेच्या दारातल्या माणसाने मुकाट्याने बाही वर केली.

रक्त काढून झालं, कापूस दाबला, तेव्हा कुठे तो बोलला. "मी बर्फ मागायले आलो होतो… शेजारच्या केमिस्ट्रीतून. चंद्रशेखर."

"मग आधी काऊन नाही सांगितलं सर?"

"तुम्ही इतक्या हक्कानं हात धरला… म्हटलं, जाऊ द्या."

प्रयोगासाठी रक्त द्यायला कबूल झालेला विद्यार्थी आलाच नव्हता; तिने यालाच तो समजलं होतं. समताला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच – आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग तो वरचेवर येऊ लागला. बुलढाण्याच्या थंडीत कधी चहा घेऊन, कधी नुसताच. एकदा त्याने निळ्या बुचाची नळी उचलून उजेडात धरली.

"सायट्रेट. लिंबातल्या आम्लाचं मीठ. यानं रक्त गोठत नाही. एवढं मलेही येते, मॅडम."

"आणि जंतूंचं काय होते यात, ते येते?"

त्याने नळी खाली ठेवली. समता खिडकीकडे पाहत बोलली, "बाबाचं रक्त तपासणीले अशाच नळीत भरलं होतं… चुकून. पायाच्या जखमेत जंतू सापडले, रक्तात नाही. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी जंतूंवरचं भारी औषध थांबवलं. चौथ्या दिवशी बाबा गेले."

"म्हणजे नळीतच जंतू मेले असतील?"

"तेच पाहून राह्यली."

त्याने दुसरा हात पुढे केला. "हा कोराच आहे अजून."

तिने त्याच्या रक्तात बाबांच्या जखमेतल्याच जातीचे जंतू सोडले. अर्धं सायट्रेटमध्ये ठेवलं, अर्धं तपासणीच्या नेहमीच्या बाटलीत. दोन्हींतला थेंब थेंब जंतू वाढवायच्या काचेच्या थाळ्यांवर पसरला. सकाळी झाकणं उघडली, तर दोन्हीकडे जंतूंचे सारखेच दाट ठिपके. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"जंतू मेले नाहीत," ती म्हणाली. "नळीनं काहीच केलं नाही. रिपोर्ट खराच होता." आवाज अगदी सपाट होता. "आता मी रागावू कोणावर?"

चंद्रशेखरने तिची समजूत घातली नाही.

"माह्यावर रागवा," तो हळूच म्हणाला. "मी कुठं जात नाही. आज नाही… अन् पुढंही नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दवाखान्यात, गावी सोनाळ्याच्या घरी, लोक सांत्वनाला आले तेव्हाही कोरडे राहिलेले डोळे भरून आले. तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि कोणी आत येऊ नये म्हणून तिथेच उभा राहिला.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली.

"चंद्रशेखर…"

नुसतंच नाव. सर नाही, काही नाही. तो आत गेला.