तिसरी धोंडुबाई

पेठनाक्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाली आणि साताऱ्याहून सांगलीला निघालेली एसटी जागच्या जागी उभी राहिली. जानेवारीतली सोमवारची सकाळ होती. खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्याला पाचटाचा गोडसर वास होता. कंडक्टर खाली उतरून बघून आला आणि "तासभर तरी" एवढंच म्हणाला. ब्राह्मीने पिशवीतून फोन काढला, आवाज बारीक केला आणि आपलं काम सुरू केलं.

"नमस्कार, प्रवासी," फोनमधली बाई म्हणाली. "आपले करंजवाडीत स्वागत आहे. आपण चहा घेणे पसंत कराल काय?"

शेजारचा तरुण मघापासून डोळे मिटून बसला होता. डोळे मिटलेलेच राहिले, पण ओठांच्या कडा हलल्या.

"हसलात?" ब्राह्मीने विचारलं.

"न्हाई… म्हंजे, व्हय." त्याने डोळे उघडले. "ह्या बाईकडं चहा मागायचा तर आधी अर्ज लिवून द्यावा लागंल."

ब्राह्मीला राग यायला हवा होता. फोनमधल्या त्या चहावाल्या धोंडुबाईला तिनेच घडवलं होतं. पण तो इतक्या सरळपणाने बोलला होता, की तिलाही हसू फुटलं.

"मग तुमच्याकडची चहावाली काय म्हणेल?"

"'बस की रं, कुठनं आलास?' बास. चहा इचारत न्हाईत आमच्यात. ठेवत्यात."

ब्राह्मीने ते वाक्य तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. तो बघत राहिला. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

ट्रॉली हलेपर्यंत दोघांना एकमेकांचं बरंच कळलं. तो वीरधवल, वाईजवळच्या गावातला. कुपवाडच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. फौजेतून निवृत्त झालेले वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. गावी आई एकटी, म्हणून दर शनिवारी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परतायचं. ती ब्राह्मी, आष्ट्याची. सांगलीत विश्रामबागेत मदनसरांचं चार माणसांचं ऑफिस होतं, तिथे ती फोनवरचा एक गोष्टीचा खेळ तयार करत होती. करंजवाडी नावाच्या गावातल्या देवळातली घंटा हरवलीय आणि खेळणाऱ्याने गावकऱ्यांशी बोलून ती शोधायची. गंमत अशी, की खेळणारा काय बोलेल ते आधी कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे गावकऱ्यांना उत्तरं सुचवायला खेळाच्या पोटात एक एआय मॉडेल बसवावं लागणार होतं. तीन मॉडेलं समोर होती, आणि त्यातलं एक निवडायची जबाबदारी ब्राह्मीवर होती. पुढच्या महिन्यात पुण्याचे प्रकाशक खेळ बघायला येणार होते. निवड चुकली तर वर्षाचं काम पाण्यात.

"मग शिकल्या-सवरल्या लोकांवर कशाला पारखताय?" वीरधवल म्हणाला. "माझ्या आईला द्या. लय बोलती ती. आणि ऐकून घ्यायला आता कोण न्हाई तिला."

शेवटचं वाक्य त्याने खिडकीबाहेर बघत म्हटलं.

अशा रीतीने वाईजवळच्या मनुबाई या खेळाच्या परीक्षक झाल्या. एकेका मॉडेलला एकेक आठवडा, असं ठरलं. मनुबाईंनी फोनवर बोलायचं, ते आपोआप नोंदलं जायचं. 'तुम्ही बोलाल ते सगळं ब्राह्मी वाचणार आहे' ही सूचना वीरधवलने आईला दोनदा वाचून दाखवली आणि तिचा अंगठा नव्हे, चांगली सही घेऊन आला. तिन्ही आठवडे एकदम शेजारी ठेवूनच वाचायचे, म्हणजे तुलना खरी होईल, म्हणून ब्राह्मीने त्या नोंदी उघडल्याच नाहीत.

वीरधवल स्वतःही खेळू लागला. त्याच्या नोंदी मात्र ती रोज वाचायची. कामासाठीच. शिफ्ट सुटली की तो गाडी काढून विश्रामबागेत यायचा आणि ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिता पिता आपलं मत सांगायचा. पहिलं मॉडेल फार देखणं बोलायचं, पण पाच वाक्यांपूर्वीचं विसरायचं. त्याचं नाव त्याने 'शाहीर' ठेवलं. दुसऱ्याच्या सगळं लक्षात राहायचं, पण खेळणारा म्हणेल त्याला ते मान डोलवायचं. वीरधवलने धोंडुबाईला सांगितलं, की घंटा तूच चोरलीस, तर तिने तेही कबूल केलं! ते 'होयबा'. तिसरं सावकाश आणि मोजकं बोलायचं, वर खेळणाऱ्याला आडवंही जायचं. ते 'खडूस'. ही नावं ऑफिसातही रुळली.

एकदा तो दोन दिवस खेळलाच नाही. तिसऱ्या दिवशी टपरीवर आला तेव्हा ब्राह्मीच्या तोंडून निघून गेलं, "दोन दिवस काहीच नव्हतं. मी बघितलं."

"काय बघितलं?" त्याने कपावरून डोळे वर केले. "नोंद… का वाट?"

चहा गरम नव्हता, तरी ब्राह्मी त्यावर बराच वेळ फुंकर घालत राहिली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो आला तो गप्प गप्पच. कारखाना त्याला चाकणच्या नव्या शाखेत पाठवत होता. आपण हो म्हटलंय, पुढच्या महिन्यात जायचं, असं त्याने सांगितलं. ब्राह्मीने अभिनंदन केलं. त्याने मान हलवली. दोघंही आणखी काहीतरी बोलतील म्हणून टपरीवाल्याने न सांगता दुसरा चहा दिला… आणि तोही तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राह्मीने मनुबाईंच्या नोंदी उघडल्या. निदान कामात मन रमेल, एवढाच हेतू.

पहिला आठवडा, शाहीर. मनुबाई धोंडुबाईला सांगत होत्या, "माझ्या पोराला सांगलीकडची एक पोरगी आवडलीया. जैनाची हाय. पोरगं बोलत न्हाई, पर आईला कळतंय."

ब्राह्मीचा हात थांबला.

शाहीरने प्रेमाच्या वेलीवर सात ओळी झोडल्या होत्या आणि लगेच पुढे विचारलं होतं, 'आपणांस अपत्ये किती?'

दुसरा आठवडा, होयबा. मनुबाईंनी तेच सांगितलं, वर म्हणाल्या, तिच्या घरी आपल्या पोराला न्हाईच म्हणत्याल. होयबा म्हणाला, खरं आहे, नाहीच म्हणतील. मनुबाईंनी फिरवून विचारलं, का व्हय म्हणत्याल? होयबा म्हणाला, नक्कीच हो म्हणतील.

तिसरा आठवडा. मनुबाई म्हणाल्या, "ती कांदा-लसूण खात न्हाई म्हणं. मी बिनकांद्याची आमटी शिकायलीया. मग, करंल का गं ती लगीन?"

आणि तिसरी धोंडुबाई म्हणाली होती, 'मला कसं ठावं असंल, मनुबाई? मी गोष्टीतली बाई. त्या पोरीचं उत्तर त्या पोरीजवळ. तिला कुणी इचारलंय का?'

दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत मनुबाई पुन्हा आल्या, तेव्हा चहाच्याही आधी धोंडुबाईचा प्रश्न होता. 'काल आमटीचं म्हणत हुता. जमली का?'

ब्राह्मी उठून ऑफिसच्या गच्चीवर गेली. डोळे भरून आले होते, आणि ते आनंदाने की संकोचाने, हे तिचं तिलाच कळेना. मॉडेल तर ठरलंच होतं. तिसरं. पण मदनसरांचा ओढा शाहीरकडे होता. पहिल्या पाच मिनिटांत तोच छाप पाडायचा. त्यांना पटवायला या नोंदींसारखा दुसरा पुरावा नव्हता, आणि नेमक्या याच नोंदी दुसऱ्या कुणाला दाखवायच्या नव्हत्या. एका आईच्या पोटातलं होतं ते. तिला विचारल्याशिवाय नाही.

शनिवारी ती वाईला गेली.

मनुबाई अंगणात गहू निवडत होत्या. वीरधवल बाजाराला गेला होता. ब्राह्मीने पाया पडून सगळं सांगितलं. मी तुमचं घरातलं वाचलं, मला माफ करा, आणि परवानगी असेल तर त्यातला थोडाच भाग, नावं काढून, सरांना दाखवीन. बोलताना तिची नजर सुपावरून हलली नाही.

मनुबाईंनी खडा वेचून बाजूला टाकला.

"बाई, तू वाचणार म्हणून तर बोलले," त्या म्हणाल्या. "तीन तीनदा त्येच सांगायला मी काय येडी हाय? पोरगं तोंड उघडंना. मला तुझं गाव ठावं न्हाई, घर ठावं न्हाई. एवढा एकच फोन तुझ्यापातुर पोचत हुता."

ब्राह्मीने वर बघितलं. मनुबाई हसत नव्हत्या. उत्तराची वाट बघत होत्या.

"दाखव तुझ्या सायबाला. नावासकट दाखव. आणि आत चल, आमटी ऊन हाय."

वीरधवल पिशवी घेऊन दारात आला, तेव्हा ब्राह्मी त्याच्याच पाटावर बसून जेवत होती. तो उंबऱ्यातच थबकला. आईने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पोरीला जरा घाट दाखवून आण म्हणून सांगितलं.

घाटावर ऊन कलतं झालं होतं. कृष्णेचं पाणी थंडीत खाली गेलेलं, पायऱ्यांवर कुणीतरी धुतलेली सतरंजी वाळत घातलेली. दोघं एका पायरीचं अंतर ठेवून बसले.

"आईनं सांगितलं?" त्याने विचारलं.

"तीनदा."

त्याचे कान लाल झाले. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "चाकणला व्हय म्हटलं ते पळायलाच. तुमच्या घरी आमचं जमायचं न्हाई, तुम्ही न्हाईच म्हणणार… असं मी मनाशी धरून चाललो."

"माझं उत्तर तुम्हीच ठरवलंत? मला न विचारता?"

"चुकलं."

"मग आता विचारा."

त्याने तिच्याकडे बघितलं. पेठनाक्याच्या त्या सकाळपासून तो इतक्या जवळून, इतका वेळ कधीच बघत राहिला नव्हता.

"मला तू आवडतीस, ब्राह्मी. माझी व्हशील?"

"हो," ती म्हणाली. आणि मग, "पण तुझ्या आईचे आभार आधी मानायचेत मला… ते कसे मानायचे, सांग."

त्याने मधल्या पायरीवर हात टेकला, आणि तिने आपला हात त्यावर ठेवला.

मंगळवारी मदनसरांनी मनुबाईंची तिन्ही संभाषणं ऐकली. तिसरं संपल्यावर चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हळू बोलते, पण माणूस वाटते. हीच घ्या." पुण्याचे प्रकाशक आले तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईंनी धोंडुबाईशी पाऊण तास गप्पा मारल्या आणि घंटा शोधायची विसरूनच गेल्या. प्रकाशकांनी खेळ घेतला.

राहिला होता आष्ट्याचा उंबरा.

रविवारी दुपारनंतर वीरधवल आला, इस्त्रीच्या शर्टात, आईला सोबत घेऊन. ब्राह्मीचे वडील आप्पासो सोप्यात बसले होते. ऊस आणि हळद पिकवणारा, कमी बोलणारा माणूस. लेकीने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं आणि आठवडाभर ते त्यावर एक शब्दही बोलले नव्हते. मनुबाई आत ब्राह्मीच्या आईजवळ, चंपाबाईंजवळ जाऊन बसल्या. ब्राह्मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली.

आप्पासोंनी आधी कामाचं विचारलं, मग शेतीचं, वडिलांच्या पलटणीचं. मग थांबले.

"मला एक सांग. माझी लेक वाईला आली नसती, तर तू गेला असतास का चाकणला? काही न बोलता?"

दाराआड ब्राह्मीने डोळे मिटले. एक गोड खोटं पुरलं असतं.

"गेलो असतो," वीरधवल म्हणाला. "आणि जन्मभर पस्तावलो असतो. आवं, अजूनही जाणार हाय, सहा महिन्यांसाठी. तिथं शब्द दिलाय, मोडणार न्हाई. पर दर रविवारी येईन… तुमी येऊ द्याल तर."

बाहेर एक ट्रॅक्टर गेला.

"खोटं बोलला असतास, तर चहा पाजून वाटंला लावला असता," आप्पासो म्हणाले. मग उठून दाराशी गेले, दिवसाउजेडीच जेवणाऱ्या त्या घराच्या सवयीने पश्चिमेकडे बघितलं आणि आत हाक दिली, "चंपा, दिवस मावळायला अजून वेळ हाय. पाव्हण्यांची ताटं घे. जेवूनच जातील."

ब्राह्मीने ओढणीने डोळे पुसले, आणि ताटं काढायला वळली. चार काढली, मग मोजून आणखी एक, आपलं.