कट म्हटल्यावर

चौदा वर्षं मी सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करतोय. माणसाच्या छातीवर छोटा कॉलर माइक चिकटवला की हेडफोनमध्ये संवादाच्या आधी तो माणूसच ऐकू येतो. श्वास, गिळलेला आवंढा, पोटातली गुरगुर. आवाज जरा वाढवला की काळीजसुद्धा. माझे कान चुकत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एप्रिलमध्ये खुलताबादच्या एका बंगल्यात आमचं शूटिंग होतं. दिग्दर्शिका अमृताचा सिनेमा नटांच्या पोकळ आयुष्यावर होता, हसवता हसवता बोचकारणारा. नटाची भूमिका खऱ्याच नटाला दिली होती, मुंबईहून आलेल्या शिवराजला. त्याच्या चाहतीचं काम फुलंब्रीच्या निशाकडं होतं. क्रांती चौकातल्या साड्यांच्या दुकानात काम करणारी, पथनाट्यांत तयार झालेली पोरगी.

माइक लावताना ती म्हणाली, "अभयदादा, काळीज लई धडधडतंय. रेकॉर्डिंगमध्ये येईल का हो?"

"येऊ दे. चाहतीचं धडधडणारच."

शिवराजचा पहिला शॉट झकास झाला. अमृता 'कट' म्हणाली आणि त्याच्या माइकमधला श्वास थांबला. माइक चालू होता, कारण शर्टाची सळसळ येत होती. मी बॅटरी बदलली, वायर बदलली. तोच माइक निशाला लावून पाहिला. धडधड स्पष्ट. परत शिवराजला लावला. रिकाम्या रांजणात डोकं घातल्यावर येतो तसा घुमारा तेवढा आला.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सरळ विचारलं. त्याच्या ताटातली भाकरी तशीच वाळत होती.

"कॅमेरा चालू असताना येतो ना आवाज?" त्यानंच उलट विचारलं.

"येतो."

"मग तुमचं काम भागलं," तो म्हणाला. रागावून नाही, अगदी सभ्यपणे.

दुपारी त्याचा आणि निशाचा एकमेव प्रसंग होता. नट चाहतीच्या छातीला कान लावतो आणि म्हणतो, 'माणूस आतून कसा वाजतो, ऐकू दे.' पहिलाच टेक उत्तम होता. शिवराज म्हणाला, "अजून एक." मग अजून एक.

चौथ्या टेकला निशाची धडधड मंदावली. मला वाटलं, भीती मोडली असेल. सहाव्याला मी तिच्या माइकचा आवाज दुप्पट केला, तरी काळीज लांबच्या पंपासारखं कुठंतरी चालू होतं.

"मॅडम, थांबवा," मी म्हणालो.

"आवाज नीट येत नाहीये का?"

"येतोय, पण…"

"मग?"

मी हेडफोन परत कानांवर दाबला. आठवा टेक झाला.

नवव्याला मी हेडफोनसकट उठून फ्रेममध्ये घुसलो आणि निशाला ओढून बाजूला केलं. तिचा हात कोमट होता. घाम नव्हता.

"काय झालं, दादा?" तिनं विचारलं. ओठ हलले, शब्द आले. मधला श्वास आला नाही.

अमृता ओरडली, "कट!"

शिवराज हसला.

माझ्या कानात धडधड सुरू झाली. जोरात, घाबरी, कोवळी. ती त्याच्या माइकमधून येत होती.

निशाच्या कामाचं सगळ्यांनी कौतुक केलं. महिन्याभरानं तिच्या आईचा, लीलाबाईंचा फोन आला.

"दादा, निशीला दुसऱ्या पिक्चरचं बोलावणं आलंय. आता कशालाच भीत नाय बघा. रडत नाय, चिडत नाय. लई गुणाची झाली."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"व्हय. थोरलीचं तान्हं लेकरू आलंय घरी. दुसऱ्या कुणीबी घेतलं की निवांत झोपतंय. हिनं घेतलं की झोपत नाय. रडतबी नाय." त्या थोडं हसल्या. "तिच्या छातीवर मुठीनं ठोकत बसतंय. दार वाजवल्यावानी."