कोणाचीच नसलेली घंटा

तेजराम आणि देवाजी एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण घंटा दोघांची एकच होती. मँगनीजच्या खाणीत दोन शाफ्ट, म्हणजे जमिनीत उतरलेल्या दोन विहिरी. त्यांवर यांची दोन इंजिनं, माणसं चढवा-उतरवायला दोन डोल्या. खालून कोणी दोर ओढला की घंटा दोन्ही खोल्यांत वाजे. ज्याच्या शाफ्टातून ओढला, त्याच्याकडे लाल दिवा लागे. तो मुकाट डोली सोडी. वर कोणी ऐकलं की नाही, हे खालच्याला कळतच नसे.

त्या उन्हाळ्यात मिस्त्री यादोरावांनी नवी रीत लावली. घंटा आली की दोघांनीही खाली उत्तर द्यायचं. एक टोला म्हणजे माझी, दोन म्हणजे माझी नाही. दोघंही नाही म्हणाले आणि घंटा थांबेना, तर ती बिघडली समजून तिची तारच तोडायची.

भर दुपारी घंटा वाजली. तेजरामकडे दिवा नाही. त्यानं दोन टोले दिले. भिंतीपलीकडून देवाजीचेही दोनच. पुन्हा वाजली... पुन्हा... दमलेल्या माणसासारखी, थांबत थांबत. यादोराव पक्कड घेऊन आले.

तेजराम आडवा आला. त्याचा धाकटा भाऊ गोपीचंद खाली होता. तार तुटली तर त्याची हाक वर येणार कशी?

घंटा माझीच, दिवा तेवढा बिघडला, असं त्यानं सांगून टाकलं.

देवाजी दारात येऊन उभा राहिला. "खोटं बोलून राहिला हा. झाडीत दिसल्याबिगर कोणी हाक मारली तं ओ देत नाहीत, लेका. तुह्या मायनं शिकवलं नाही काय?"

"माह्या मायचं नाव घेऊ नको," तेजराम म्हणाला, आणि एक टोला दिला.

घंटा गपकन थांबली. शाफ्टातून कुजक्या मातीचा वास वर आला.

मग लाल दिवा लागला. ही गोपीचंदचीच घंटा. तेजरामनं हात उचलला, तोच... एक टोला आपोआप खाली गेला. देवाजी तर अजून दारातच होता, हात बांधून.

तेजरामनं डोली सोडली. ती रिकामीच वर आली. मग इंजिन यादोरावांच्या हाती देऊन तो स्वतः उतरला. खाली म्हातारा सुखराम तंबाखू मळत बसला होता. गोपी कुठं आहे, तेजरामनं विचारलं.

"तो तं गेला ना वर. एक टोला आला, डोली आली, बसला."

"कोणती डोली? माही तं रिकामीच वर आली..."

सुखरामचा हात थांबला.

"आत कोणीतरी आधीच बसलं होतं, भाऊ. त्यानं सरकून गोपीले जागा देल्ली."