तुटका तीन

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मंगळवार होता. दुपारचे तीन. भर उजेडात, माझ्याच गॅरेजमध्ये घडलं.

मी जुन्या अमेरिकन गाड्या नव्यासारख्या करून देतो. हे काम मला मामाने शिकवलं. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. गेल्या वर्षी तोही गेला.

एक शिक्षिका वडिलांची गाडी घेऊन आल्या.

"बाकी काहीही बदला," म्हणाल्या, "पण इंजिन बाबांचंच आहे ना, तेवढं खात्रीने सांगा."

या मॉडेलमध्ये तीन-चार प्रकारची इंजिनं यायची. बाहेरून सगळी जुळी भावंडं. ओळखायच्या जागा दोनच. पुढे ठशांनी ठोकलेला नंबर, आणि मागे ब्लॉकबरोबरच, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी ठोकळ्याबरोबरच साच्यात ओतलेला आकडा. ठोकलेला खोटा असू शकतो. ओतलेला सहसा नाही.

पुढचा नंबर कागदपत्रांशी जुळला. मी खूश.

मग मागची काजळी पुसली...

आकडा दुसऱ्याच, लहान इंजिनाचा होता.

म्हणजे मूळ इंजिन कोणीतरी लांबवलं होतं, आणि त्याचा नंबर या इंजिनावर ठोकला होता. मी भिंग घेऊन पुन्हा पुढे आलो.

नंबरातल्या तीनचं खालचं टोक तुटलेलं होतं.

तो ठसा मी लहानपणापासून ओळखतो. मामाच्या हत्यारांच्या पेटीतला आहे. "उशीर झाला तरी चालेल, गिऱ्हाइकाला फसवायचं नाही," असं मला रोज ऐकवणाऱ्या माझ्या मामाच्या!

पण गेलेल्या माणसाची अब्रू कशाला वेशीवर टांगायची? मी बाईंना फोन केला.

"बाबांचंच आहे."

फोन ठेवला आणि...

खर्रर्र... खर्रर्र...

कानस चालल्याचा आवाज. गॅरेजात मी एकटा.

इंजिनापाशी गेलो. आवाज थांबला.

पुढचा नंबर गेला होता. जागा गुळगुळीत. खाली लोखंडाचा कीस पडलेला. बोट लावलं...

गरम होता.

मग मी तेच केलं, जे मामाने केलं होतं. त्याच्याच पेटीतले ठसे काढून तोच नंबर पुन्हा ठोकला. शनिवारी गाडी दिली. बाई बॉनेटवर हात ठेवून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल त्यांचा फोन आला.

"अहो, गाडी बंद असते, तरी तीन वाजले की बॉनेटखाली काहीतरी घासतं. उंदीर असेल का?"

"असेल."

"आणि... हसू नका हं. मधेच एक म्हातारा आवाज येतो. 'बारक्या, सांगून टाक रे.' कोण हो हा बारक्या?"

मला त्या नावाने एकच माणूस हाक मारायचा.

"माहीत नाही," मी म्हणालो.

आज मामाची पेटी उघडली. ठसे सगळे आहेत. कानस नाही.

आता पावणेतीन झालेत. बाईंकडे जाऊन खरं सांगायला हवं, कळतंय मला. चपला घालून बसलोय.

पाय उचलत नाहीये.