टिकलीचा नंबर शेवटचा

पडदा काळा झाला आणि टिकलीनं दोन्ही हात झटकन फ्रॉकच्या खिशात घातले.

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. खरं तर अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

पण विचारायला उरलं काय होतं? सुट्टीत मामाकडे आल्यापासून तिसऱ्यांदा हा नवा कॉम्प्युटर तिच्याच हातात बंद पडला होता. तिची ताई खेळली, तेव्हा ठीक. मामाचा मुलगा लांब्या त्याहून जास्त वेळ खेळला, तेव्हाही ठीक. टिकलीनं माउसला हात लावला रे लावला, की सगळं ठप्प.

मामा घराखालच्या दुकानात लोकांना हवे तसे गेमिंग कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्यातला हा सगळ्यात देखणा. काचेचं बारीक कॅबिनेट आणि आत पारदर्शक नळ्यांतून फिरणारं निळं पाणी. हे पाणी आतल्या तापलेल्या भागांची उष्णता उचलून वरच्या रेडिएटरमध्ये आणायचं, तिथले पंखे त्याला गार करायचे आणि ते पुन्हा खाली जायचं. कॉम्प्युटर होता कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. ते उद्या संध्याकाळी तो न्यायला येणार होते. तोवर पोरांना त्यावर खेळायची मुभा होती.

मामानं जेवण आटोपून कॉम्प्युटर परत सुरू केला. दहा मिनिटं चालवून पाहिला. काही झालं नाही. मग त्यानं निकालच देऊन टाकला: यंत्र ठणठणीत आहे, ही पोरगी भलतीच बटणं दाबते, तिला परवा सकाळच्या गाडीनं घरी पाठवायचं. मामीनं बरंच बोलून पाहिलं, पण मामा डॉक्टरांच्या काळजीनं इतका वैतागला होता की त्याला काही ऐकूच जात नव्हतं.

टिकली रडली नाही. ताईला त्याचीच जास्त भीती वाटली. झोपतानाही टिकलीचे हात खिशातच होते.

"ताई, काही काही लोकांच्या हातातच खोट असते का गं?"

ताईनं तिच्या अंगावर पांघरूण ओढलं. "गप्प झोप," ती म्हणाली.

सकाळी मामी भांडी घासत होती. नळ मोठा सोडलेला, सिंकची जाळी खरकट्यानं अर्धी तुंबलेली. बराच वेळ काहीच झालं नाही आणि मग एकाएकी पाणी काठावरून मामीच्या पायांवर आलं. "अगं बाई, आत्तापर्यंत तर बरं होतं!" मामी म्हणाली.

ताई हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. बरं कुठे होतं? येणारं पाणी जास्त, जाणारं कमी. सिंक भरायला वेळ लागला, एवढंच. आणि भरलं तेव्हा जो तिथे उभा होता, त्याचे पाय भिजले!

ती धावत लांब्याकडे गेली. "टिकलीचा नंबर शेवटचा का असतो रे?"

"लहान आहे म्हणून. मीच ठरवलंय तसं."

"म्हणजे आपण दोघं खेळून पाणी तापवतो आणि ते फार तापलं की कॉम्प्युटर बंद पडतो तिच्या हातात."

लांब्याचा चेहरा उतरला. मग त्यालाही एक गोष्ट आठवली. त्याच्या बाबांनी आधी मोठं कॅबिनेट आणलं होतं, दोन रेडिएटर बसणारं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोन्ही सपाटून तापणारे, म्हणून. मग त्यांना ही काचेची बारीक पेटी आवडली. तिच्यात एकच रेडिएटर मावतो. "भागेल एकावर," असं म्हणत त्यांनी दुसरा कपाटात टाकला होता.

बाबांना नुसतं सांगून ते मानणार नाहीत, हे लांब्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा नंबरच उलटे करायचं ठरलं. लांब्यानं बाबांना मोटारींच्या शर्यतीचं आव्हान दिलं, "आधी आमचा सराव होऊ दे" म्हणाला, आणि मामा लगेच फुशारला.

दुपारी सगळ्यात आधी टिकली. ती हात बाहेर काढायलाच तयार नव्हती. ताईनं तिचा हात धरून माउसवर ठेवला. ती खेळली. काहीही झालं नाही. मग तिला जिन्यात मामीजवळ मटार सोलायला बसवलं.

पुढे लांब्या, मग ताई. खेळता खेळता ताई कॉम्प्युटरच्या वरच्या जाळीवर तळहात धरून बघत होती. वारा आधी कोमट होता, आता चांगलाच गरम लागत होता. पडदा कधी काळा होतो, याकडेच तिचं सगळं लक्ष होतं. आपल्याच हातात बंद पडला तर मामा म्हणेल, दोघी बहिणी सारख्याच! ती डाव अर्ध्यात सोडून उठली.

मामा बसला. एक फेरी झाली, दुसरी झाली. कॉम्प्युटर आपला मजेत चालू. आज नेमका नाही बंद पडला तर? टिकलीची पिशवी तर भरूनसुद्धा झाली होती. तेवढ्यात दारातून दातांचे डॉक्टर आत आले, ठरल्या वेळेच्या आधीच. गिऱ्हाईक बघतंय म्हटल्यावर मामाला आणखी चेव आला. त्यानं गाडी शेवटच्या वळणावर घातली आणि पडदा काळा झाला.

सवयीनं त्यानं टिकलीकडे पाहिलं. ती लांब जिन्यात बसली होती, दोन्ही मुठी मटारांनी भरलेल्या.

"मामा, वर हात धरून बघ," ताई म्हणाली.

मामानं हात धरला आणि चटकन मागे घेतला. मग ताईनं सगळं सांगितलं. सिंकचं, नंबरांचं आणि दहा मिनिटांच्या तपासणीचंही. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "म्हणजे दुखत होता एक दात आणि तुम्ही उपटायला निघाला होतात भलताच."

मामानं त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले. टिकलीला घरी पाठवायचा विषय पुन्हा निघाला नाही. मोठं कॅबिनेट आलं, कपाटातला दुसरा रेडिएटर बसला, आणि नळ्या कुठे गळत नाहीत याची खात्री झाल्यावर दुपारभर सगळे आळीपाळीनं खेळले. शेवटी मामा स्वतः टिकलीला बोलवायला गेला.

"टिकले, या दुकानातली खरी तपासणी तूच केलीस. मी दहा मिनिटं बघून मोकळा झालो आणि वर तुलाच बोललो. चुकलं माझं." मग तो ताई आणि लांब्याकडे वळला. "आणि तुम्ही दोघं माझ्यापेक्षा हुशार निघालात."

टिकलीनं एक हात खिशातून काढून माउसवर ठेवला. थोड्या वेळानं दुसरा. वरचा वारा कोमटच राहिला. मामीनं जेवायला हाक मारली, परत मारली, शेवटी ती स्वतः खाली आली.

"थांब ना गं मामी," टिकली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "अजून बंद नाही पडलेला."