सातव्या वॉर्डाचा हँडओव्हर

सकाळचे सात वाजले, खाली अंगणात घोषणा सुरू झाल्या, आणि अस्मिता वॉर्डाच्या दारात एकटीच अडकून पडली.

दिंडोशीच्या उतारावरच्या त्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांचा संप त्या दिवशी सातच्या ठोक्याला सुरू व्हायचा होता. ठरवणाऱ्यांनी सगळं ठरवलं होतं. मंडप कुणाचा, घोषणा कुठल्या, चहा कोण आणणार. एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं की सात ही पाळी बदलायची वेळ. सकाळपाळीची सिस्टर येणारच नव्हती, मग रात्रपाळीच्या सिस्टरने वॉर्ड सोपवायचा कुणाकडे?

आणि सोपवल्याशिवाय निघायचं कसं? पहिल्या नोकरीपासून अंगात मुरलेली रीत होती ती. जाणारी पलंगाच्या एका बाजूला, येणारी दुसऱ्या. जाणारीने त्या रुग्णाचं सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. येणारीने ऐकून घेऊन म्हणायचं, ‘घेतला.’ मग पुढचा पलंग. शेवटचं ‘घेतला’ कानावर पडेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. याला त्या हँडओव्हर म्हणत. बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टर हाताला लागेल त्या डॉक्टरच्या गळ्यात वॉर्ड मारून केव्हाच खाली उतरल्या होत्या. सातव्या वॉर्डाला तेवढ्यात कुणी डॉक्टरही सापडेना.

खालून कुंदाताईंची हाक आली. कुंदाताई म्हणजे संघटनेच्या अध्यक्षा. त्यांची हाक टाळायची कुणाची छाती नव्हती. अस्मिताने एक पाऊल पुढे टाकलं... आणि मागे घेतलं.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

सरकारने लष्करातले नर्सिंगचे जवान बोलावलेत हे तिने मोबाइलवर वाचलं होतं. पण वाचणं वेगळं, आणि हिरव्या ठिपक्यांच्या गणवेशातला उंच माणूस समोर येऊन टोपी काढतो ते वेगळं. कपाळावर घामाचा थेंब, गालावर दाढी करताना लागल्याची बारीक रेघ, आणि छातीवरच्या पट्टीवर नाव... व्हर्नन.

तिने हिंदीत विचारलं, कौन चाहिए.

“मराठीत बोला हो, सिस्टर. इथलाच, मढचा आहे मी,” तो म्हणाला. “ड्युटी घ्यायला आलोय.”

“संप मोडायला आलात.”

“हो,” तो सरळ म्हणाला. “ऑर्डर आहे. पण पेशंट तर मोडायला नको ना... काय काय आहे, सांगाल का?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पहिल्या पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि न सांगता तो उजव्या बाजूला गेला.

वॉर्ड पुरुषांचा, आणि भरलेला. कुणाला साखर, कुणाला दमा. लिहून घ्यायला त्याच्याकडे पेन नव्हतं, म्हणून तिने स्वतःचं दिलं. रुग्णालयात पेन टिकत नाही, म्हणून सगळ्या सिस्टर पेनाला चिकटपट्टी गुंडाळून वर नाव घालतात. तिच्याही पेनावर ‘अस्मिता’ होतं. त्याने ते वाचलं आणि लिहायला लागला. खिडकीजवळच्या पलंगावर निवृत्त शिक्षक विद्याधरकाका झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

“हे गोळी घेतली म्हणतात,” ती हळूच म्हणाली, “घेतलेली नसते. बरं आहे म्हणतात, बरं नसतं. विश्वास ठेवायचा नाही. उशीखाली बघायचं.”

त्याने उशीखाली हात घातला. तीन गोळ्या निघाल्या. काकांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

“घेतला,” व्हर्नन म्हणाला. तिने ती रीत त्याला शिकवली नव्हती. लष्करातही असंच म्हणतात की काय, कोण जाणे.

खाली मंडपात मात्र तिची चंपी झाली. कुंदाताई म्हणाल्या, अगं, समोरच्याच्या हातात किल्ल्या देऊन आलीस की. संप म्हणजे अडवणं. तू तर वाट झाडून दिलीस. बोलणं खरं होतं. आणि हा संप कुणाचा असेल तर तिचा होता. सात वर्षं ती कंत्राटी होती. दर अकरा महिन्यांनी नोकरी संपायची आणि पुन्हा सुरू व्हायची. बोरीवलीला घरी स्थळं येत, आणि मुलाची आई पोह्यांची बशी हातात घेऊन पहिला प्रश्न तोच विचारी, मुलगी कायम आहे ना? बाबा नंदकुमार घसा खाकरत, आणि ती आत निघून जाई. कंत्राटींना कायम करा आणि माणसं वाढवा, एवढीच मागणी होती. या वेळी हरलो तर पुन्हा कुणी उभं राहणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

आणि हरण्याची चिन्हं दिसू लागली. वर्तमानपत्रांत रोज एकच बातमी... जवानांमुळे रुग्णसेवा सुरळीत. घरी निघालेले रुग्ण मंडपाशी थांबून कौतुकाने सांगत, सिस्टर, तो मढवाला काय सेवा करतो यार, झकास. ऐकणाऱ्या तोंड फिरवत. अस्मिताही फिरवी. पण कान तिचे तिथेच असत, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

अशात एका दुपारी फुलाफुलांच्या झग्यातली एक ठेंगणी बाई डबा घेऊन फाटकाशी आली. पहारेकऱ्याने तिला आत सोडलं नाही. बाई भांडली, दमली आणि सरळ संपाच्या मंडपात येऊन पंख्याखाली बसली. ती व्हर्ननची आई मार्सेलिना. पोरगा पुण्याहून इतक्या जवळ आला तरी घरी यायची परवानगी नाही, म्हणून मढहून बोटीने आणि मग रिक्षाने सुरमईचं कालवण घेऊन आली होती. संप कशाचा ते तिने विचारून घेतलं, आणि ऐकल्यावर म्हणाली की आपला पोरगा चुकीच्या बाजूला उभा आहे.

“त्याला डबा दे, बाय,” तिने अस्मिताला सांगितलं, कारण अस्मिताच सगळ्यांत जवळ बसली होती. “आणि सांग, आई म्हणते, पोरींच्या पोटावर पाय देऊ नको.”

अस्मिता डबा घेऊन मागच्या कुंपणाच्या लोखंडी गजांशी गेली आणि व्हर्ननला बोलावून घेतलं. तिथे सातवीणाचं झाड होतं, नुकतं फुललेलं. त्याचा वास असा दाट की बोलताना मध्ये येत होता. निरोप ऐकून तो हसला, आणि डबा उभा करून गजातून आत घेतला. कालवण सांडेल म्हणून दोघांचेही हात त्याला बराच वेळ लागले होते.

“तुम्ही एवढं चांगलं काम नका करू ना,” ती म्हणाली. “आमची वाट लागतेय.”

“वाईट काम करायची ऑर्डर नाहीये.”

“थोडं तरी.”

“बरं... काकांची उशी उद्यापासून बघत नाही.”

“खबरदार बघितली नाहीत तर.”

“बघा आता,” तो म्हणाला. “संप तुमचा, आणि हुकूम पण तुमचाच.”

मार्सेलिना मग रोजच येऊ लागली. मंडपात बसून कोळंबी सोलावी तशा सहज घोषणा देई, आणि डबा अस्मिताच्या हाती देई. गजांशी रोज दोन-चार वाक्यं होत. मढच्या किनाऱ्यावर त्याच्या बापाची होडी होती, समुद्राने घेतली... तिला कविता पाठ होतात पण चेहरे लक्षात राहत नाहीत... तुमचा मात्र राहिला, असं ती चुकून म्हणाली, आणि मग दोघंही झाडाकडे पाहू लागली. एकदा परतीचा पाऊस असा कोसळला की मंडपाचं कापड फाटलं. तेव्हा भिंतीवरून एक भलीमोठी लष्करी ताडपत्री येऊन बायकांच्या पुढ्यात पडली. कुणी टाकली ते कुणी विचारलं नाही. कुंदाताईंनी फक्त अस्मिताकडे एक नजर टाकली आणि ताडपत्री बांधायला घेतली.

त्याच संध्याकाळी, पावसाने धुतलेल्या गजांशी, तिने सहज विचारलं की भरल्या वॉर्डातून रोज गजाशी यायला फुरसत कशी मिळते.

“चौघं असतो ना आम्ही एका पाळीला,” तो म्हणाला. “तुम्ही किती असायचात?”

“मी.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी. एकटी.”

तो मागे वळून वॉर्डाच्या खिडक्यांकडे बघू लागला. गजावरचं पाणी थेंब-थेंब खाली पडत राहिलं. तिच्याही डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला... सुरळीत चाललंय ते असं चाललंय होय.

तिने ते कुंदाताईंना सांगितलं, आणि सांगितल्याक्षणी पस्तावली. ताईंचे डोळे चमकले. म्हणाल्या, जिंकलो आपण. त्याला एकदा पत्रकारापुढे हे बोलायला लाव. तुझं ऐकेल तो, मला दिसतं सगळं.

“त्याची वर्दी जाईल, ताई.”

“आणि तुझी नोकरी?”

“तो बोलला ते माझ्याशी बोलला,” अस्मिता म्हणाली. “मी त्याला नाही सांगणार.”

“मग कर जन्मभर कंत्राट,” ताई म्हणाल्या आणि पाठ फिरवून बसल्या. त्या दिवसापासून मंडपात अस्मिताच्या शेजारी फक्त मार्सेलिना बसे.

दिवाळी तोंडावर आली तशी मंत्रालयातून तपासणीसाठी एक समिती आली. सेवा व्यवस्थित आहे असा शेरा तिने मारला की संप संपल्यात जमा होता. नियमापुरत्या संपकऱ्यांच्या दोन प्रतिनिधी सोबत घ्यायच्या होत्या. अध्यक्षा म्हणून कुंदाताई, आणि कंत्राटींतली सर्वांत जुनी म्हणून, ताईंना आवडो न आवडो, अस्मिता.

सातवा वॉर्ड आरशासारखा चकचकीत होता. समितीचे प्रमुख साहेब खुशीत होते. कुंदाताईंकडे वळून म्हणाले, बघा बाई, तुमच्यावाचून काही अडलं का? मग पलंगापलीकडे ताठ उभ्या असलेल्या व्हर्ननकडे बघून त्यांनी विचारलं, काय जवान, काही अडचण?

अस्मिता पलंगाच्या अलीकडे होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी बारीक... नको.

त्याला ती खूण दिसली. तो समितीबरोबर आलेल्या त्याच्या मेजरसाहेबांकडे वळला.

“साहेब, हँडओव्हर देऊ?”

मेजरने मान डोलावली. मग व्हर्नन एकेक रुग्णाचं सांगत गेला, तिने सांगितलं होतं तसं, काही न लपवता. समितीचे साहेब घड्याळ बघू लागले. आणि शेवटी, त्याच आवाजात, तो म्हणाला, “मनुष्यबळ. आम्ही पाळीला चौघं असतो. सिस्टर एकट्या असायच्या. आम्ही चौघं दमतो, साहेब.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. हा प्रश्न तुम्हाला विचारला नव्हता, असं काहीतरी ते बोलू लागले, तसे मेजर शांतपणे म्हणाले, विचारलंत, त्याने सांगितलं. माझ्या रिपोर्टमध्येही हेच असेल. इथे चौघं ठेवा असं तुमच्याच खात्याने आम्हाला पत्राने कळवलं होतं.

“आणि माझी गोळी वेळेवर मिळते,” खिडकीजवळून विद्याधरकाका म्हणाले. “पण त्या मुलीला जेवायला मिळायचं नाही, हे मी पाहिलंय. लिहून घ्या.”

पुढचं सगळं भराभर झालं. स्वतःच्या खात्याचं पत्र कुठल्या तोंडाने नाकारणार? आधी बोलणी, मग नरमाई, मग सही. कंत्राटी सगळ्या कायम, आणि प्रत्येक पाळीला वाढीव माणसं. मंडपात गुलाल उडाला. मार्सेलिनाने पेढ्यांऐवजी घरचे तळलेले गोड फुगे वाटले, आणि कुंदाताई गर्दीतून वाट काढत अस्मितापाशी आल्या. तिच्या कपाळाला गुलाल लावला आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तसाच जरा वेळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अस्मिता पांढऱ्या स्वच्छ गणवेशात जिना चढली. खाली अंगणात लष्कराचे ट्रक सुरू होऊन उभे होते. या वेळी तो डाव्या बाजूला उभा होता, ती उजव्या.

पलंगामागून पलंग ती म्हणत गेली, घेतला... घेतला. विद्याधरकाकांपाशी दोघांनी मिळून उशी उचलली. खाली काही नव्हतं. काकांनी विजयी मुद्रेने भिंतीकडे तोंड केलं.

पलंग संपले. तो मात्र जागचा हलला नाही.

“अजून एक आहे,” तो म्हणाला.

“कुठे? यादी तर संपली...”

“राहणार मढ, सध्या पुणे.” त्याची नजर समोरच्या भिंतीवर, आवाज तपासणीत होता तसाच, फक्त कान लाल झाले होते. “वरून ठीक दिसतो. झोप नाही. जेवण गजातून मिळालं तरच जातं. बरं आहे म्हणतो, बरं नसतं. विश्वास ठेवायचा नाही, उशीखाली बघायचं.”

“उशीखाली काय?” तिने विचारलं.

त्याने खिशातून पेन काढलं. पट्टी मळली होती, पण ‘अस्मिता’ नीट वाचता येत होतं.

खाली ट्रकचा भोंगा वाजला. तो हलला नाही. हलणारही नव्हता, शेवटचं ‘घेतला’ ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो, हे गजांशी एकदा तिनेच त्याला सांगितलं होतं.

अस्मिताने पेन हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं. मग वर्षानुवर्षं पोह्यांच्या बशीवरून तिला विचारलेला प्रश्न तिने आज पहिल्यांदा दुसऱ्याला विचारला.

“कंत्राटी... की कायम?”

“बदल्या होत राहतील,” तो म्हणाला. “पण कायम.”

“अगं, म्हण की आता,” भिंतीकडे तोंड करूनच विद्याधरकाका म्हणाले. “ट्रक थांबलाय त्याच्यासाठी.”

तिने पेन परत त्याच्याच खिशाला लावलं, नाव बाहेर दिसेल असं.

“घेतला,” ती म्हणाली. “आता जा... आणि लवकर ये रे.”